मोटारीच्या गादीची शिवण

धाकट्या बहिणीच्या यजमानांनी मोटार घेतली, तेव्हा ती मलाही एजंटाकडे घेऊन गेली. ते डॉक्टर, सोलापुरात त्यांचा दवाखाना जोरात चालायचा. आमचे हे शाळामास्तर, सायकलवरून हिंडणारे. मी घरी यंत्रावर शेजारणींची पोलकी शिवून द्यायची. लहानपणी आम्हा दोघींना एकाच ताग्यातले परकर मिळायचे. आता तिला मोटार, आणि मला ती बघायचं आमंत्रण.

मुंबईहून रेल्वेने आलेली काळी मोटार पत्र्याच्या छपराखाली उभी होती. ताब्यात घेण्याआधी सगळं तपासून घ्या, असं डॉक्टरांना कुणीतरी बजावलं होतं. त्यांनी दिवे लावून पाहिले, भोंगा वाजवला. बहीण तर हरखून गेली होती.

"अक्का, गादी बघ की, किती मऊ!"

खरं सांगते, मला खोट सापडायला हवी होती. दारं, टप, पायाखालची चटई, मी काही सोडलं नाही. मागच्या गादीवरून हात फिरवताना कडेला बोट अडकलं. बाकी सगळीकडे यंत्राची टीप, आणि तेवढी वीतभर शिवण हाताची. धागाही वेगळा. मला इतका आनंद झाला, की आवाज चढला.

"ही गादी फाटलेली आहे! शिवून नवी म्हणून देताय होय?"

बहिणीचं तोंड उतरलं. तेच मला बघायचं होतं.

एजंट आधी नाहीच म्हणाला. डॉक्टरांनी दरडावल्यावर कबूल झाला. वॅगनमधून उतरवताना चामडं फाटलं होतं, ते त्याने गुपचूप शिवून घेतलं होतं.

"नवी गादी बसवा, मगच गाडी नेईन," डॉक्टर म्हणाले.

आठ-दहा दिवसांनी मोटार आमच्या दारात आली. बहिणीने माझे दोन्ही हात धरले.

"अक्का, तू नसतीस तर फसलोच होतो. माझ्यासाठी इतकं बारकाईनं कोण बघणार?"

तिच्यासाठी मी पाहिलंच नव्हतं. तिने मला आग्रहाने शेजारी बसवून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत फिरवून आणलं. ओळखीच्या बायका थांबून बघत होत्या. तिच्याकडे, माझ्याकडे नाही. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "कशी आहे मोटार?"

"बरी आहे," म्हटलं, आणि कणीक मळायला बसले.