झडतीतली टक्

"बंद कर ना बे थो भोंगा! बैल निंगाले, बैल निंगाले!"

सरपंच ओरडत होते आणि मी मोबाईलवर बंद करायचं बटण शोधत होतो. (माणूस घाबरला की दहाही बोटांचे अंगठे होतात!)

आमचं गाव रिठदजवळ. पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या म्हणायच्या, म्हणजे खड्या आवाजातली चावट कवनं, आणि त्या माझ्या गंगारामकाकांनीच म्हणायच्या. आवाज असा, की पार अनसिंगची कुत्री भुंकून उत्तर देत! पण यंदा घशाचं ऑपरेशन झालं आणि काकांकडे नुसती कुजबुज उरली.

"पोरा, पोयात मायी झडती वाजू दे," एवढंच मागणं.

माझ्याकडे जुनं रेकॉर्डिंग होतं. त्यात झडती कमी, खोकलाच जास्त. मी भेंडी चिरावी तसे खोकले कापले आणि तुकडे जोडले. प्रत्येक जोडावर बारीक 'टक्' वाजू लागली.

मुलगी म्हणाली, "बाबा, आवाज मधातच तोडला तं झटका बसते त्याले. शांत जागा पाहून कापा, अन् दोनी टोकं हयूहयू उतरवा. फेड म्हंतेत त्याले."

"एवढ्याशा टक् नं काय आभाय कोसयते?"

आता काकांच्या जोडीविषयी. काठी नाही, शिवी नाही. काका जिभेनं 'टक्' करतात आणि बैल चालू लागतात. या दोन्ही टक् मला चांगल्या ठाऊक होत्या. फक्त डोक्यात त्यांची कधी गाठ पडली नव्हती!

पोळ्याच्या दिवशी मोबाईल जोडला आणि भोंग्यातून काकांचा आवाज घुमला. पारावरची म्हातारी माणसं सावरून बसली. कासरा धरून काकांनी डोळे मिटले. पहिली ओळ संपली. टक्! जोडी एक पाऊल पुढे.

"काका, धरा!" मी ओरडलो.

टक्! टक्! भोंग्यातून जणू शंभर काका एकदम जोडी हाकू लागले! कासरा सुटला. आधी तोरण ओलांडायचा मान सरपंचांच्या जोडीचा. ती शेपटी हलवत उभीच, आणि आमच्या बैलांनी तोरण तोडून, शिंगांत आंब्याची पानं मिरवत थेट घर गाठलं. मागे सरपंच, सरपंचांमागे गाव. मला बटण सापडलं तेव्हा ऐकायला पारावर कुणीच नव्हतं. झडती दुसऱ्या ओळीतच संपली.

संध्याकाळी काकांकडे गेलो. पुरणपोळी गोड लागेना. (खाल्ल्या भरपूर, पण दुःखानं!)

"काका, मायामुळं तुमची झडती अर्धीच राह्यली. लय राग आला असन ना?"

काका बैलाच्या शिंगातलं पान काढत कुजबुजले, "बैलायची काय चूक? त्यायले चाल म्हटलं, थे चालले."