सूर्योदयापर्यंत आजच

रात्री बारा वाजता दिवस बदलतो, हे आमच्या गुरुजींना मान्य नव्हतं. वार सूर्योदयाला लागतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला सरतो, मधल्या वेळात घड्याळानं काय वाट्टेल ते वाजवावं, असं त्यांचं म्हणणं. उत्तरेतल्या आमच्या शहरात, खासगी बाजारात, ते आमच्या समोर राहत. आसपासच्या बहुतेक मराठी घरांतली पूजाअर्चा त्यांच्याकडेच असे. माझी भाची भल्या पहाटे जन्मली. आम्ही तिचा वाढदिवस दाखल्यावरच्या तारखेला करतो, आणि गुरुजी दर वर्षी आदल्या दिवशी पेढा घेऊन यायचे. "नगरपालिका काही पण लिहो, मुलगी सोमवारची आहे," असं म्हणत तिच्या हातावर पेढा ठेवायचे. भाचीची काही तक्रार नव्हती.

या हट्टापायी त्यांनी एकदा पुण्याची गाडी घालवली. मुलगा माधव तिकडे नोकरीला. तिकीट बुधवारचं, गाडी मध्यरात्रीनंतरची. गुरुजी बुधवारचा अख्खा दिवस आरामात घालवून, रात्री जेवूनखाऊन, लाडवांचा डबा घेऊन पडावाच्या रस्त्यानं स्टेशनवर पोचले. "पंडितजी, आपकी गाड़ी तो कल ही निकल गई," टीसी म्हणाला. "कल कैसे? अभी तो बुधवार ही चल रहा है," म्हणून गुरुजी त्याच्याशी चांगलेच भांडले. नंतर ते लाडू आम्ही खाल्ले. मी त्यांची बरीच थट्टा केली आणि त्यांनी ती करू दिली.

अशा माणसाच्या हातात मोबाइलचा खेळ आला तो त्यांच्या बायकोमुळे, आमच्या काकूंमुळे. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकू अंथरुणाला खिळल्या. उजवा हात तेवढा चालत होता. माधवनं एका सुट्टीत त्यांच्या फोनवर गाव वसवायचा खेळ घालून दिला. शेत नांगरायचं, विहीर खणायची, घरं उभी करायची. काकूंनी त्या गावाला आपल्या मूळ गावाचं नाव दिलं. कृष्णाकाठचं कुठलंसं गाव. मराठी फौजेबरोबर त्यांचे पूर्वज तिथून इकडे आले ते आलेच, परत कुणी गेलं नाही. काकूंनीही ते कधी पाहिलेलं नव्हतं. "नदी डावीकडे हवी, घाट असाच असणार," असं सांगत त्या अंगठ्यानं गाव बांधत राहिल्या. गुरुजी उशाशी बसून चष्मा पुसून द्यायचे.

गावात देऊळ झालं त्या दिवशी काकूंनी विचारलं, "अहो, देऊळ बांधलं, पण देव बसवलाच नाहीये ना?" गुरुजी हसले. मग हसायचे थांबले. काकू थट्टा करत नव्हत्या. फुकटच्या जागेत देव बसवायचा नाही, म्हणून आधी गुरुजींनी माधवला सांगून तो खेळ रीतसर विकत घेतला. विकत घेतल्यावर मधल्या जाहिरातीही बंद झाल्या. ते त्यांना फार आवडलं. "यजमानानं पैसे दिले की पूजेत मधे कुणी बोलायचं नाही, हेच बरोबर आहे," म्हणाले. मग आंघोळ करून, सोवळं नेसून त्यांनी फोन पाटावर ठेवला आणि प्राणप्रतिष्ठा केली. अक्षता काचेवरून घसरून पाटावर पडत होत्या. मी शिऱ्याचा प्रसाद खाल्ला. काकू त्या दिवशी किती आनंदात होत्या, ते मला अजून दिसतं.

त्या गेल्यावर गुरुजी रोज घरातली पूजा आटोपली की फोन उघडत. देवळावर बोट ठेवलं की तिथे दिवा लागायचा. तो लावायचा, शेतातलं पीक काढायचं, विहिरीपाशी जरा थांबायचं आणि मग यजमानांकडे निघायचं. फूलबागेत फिरायला जाणाऱ्या मंडळींना ते सांगायचे, "आमच्या गावी यंदा ज्वारी चांगली झाली." नव्या माणसाला ते खरंच वाटायचं.

एके दिवशी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. इंग्रजीत काहीतरी आलं होतं. मी वाचून सांगितलं: खेळ अमुक तारखेला कायमचा बंद होणार, इतकी वर्षं आमच्याबरोबर खेळल्याबद्दल आभार. गुरुजींनी मला पुन्हा वाचायला लावलं. "बंद करून राहिलेत म्हणजे काय? मी किराया नव्हतो देत बेटा, विकत घेतला होता." त्यांच्या सांगण्यावरून मी कंपनीला लिहिलं. पैसे परत नकोत, फक्त गाव पाडू नका, हे वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं. उत्तर आलं की तुम्ही खेळ विकत घेतला नव्हता, तो खेळण्याची परवानगी घेतली होती, आणि परवानगी कधीही मागे घेता येते हे तुम्ही सुरुवातीलाच मान्य केलं आहे.

गुरुजींना इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "दक्षिणा घेतली आणि पूजा अर्धी टाकून पाटावरून उठले! मी असं केलं असतं तर ह्या शहरात मला दुसऱ्यांदा कुणी दारात उभं केलं असतं का?" ग्राहक मंचात जाऊ, असं ते चार लोकांना म्हणाले. फूलबागेतले एक गृहस्थ म्हणाले, "अरे गुरुजी, छोड़ो ना, दुसरा गेम डाउनलोड करून देतो." गुरुजी त्यानंतर फूलबागेत फिरायला गेले नाहीत. मंचातही गेले नाहीत.

देऊळ पाडायची वेळ आली, तर आधी देवाची प्रार्थना करून त्याला कलशात घेतात आणि मगच भिंतीला हात लावतात. तेवढं तरी करायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आम्हाला बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी दिवा लावला. दिवसभर देवाला हलवलं नाही. काकूंच्या गावानं आपला शेवटचा दिवस पुरा जगावा, असं त्यांना वाटत होतं. पहाटे, सूर्योदयाच्या आधी, ते सोवळं नेसून पाटासमोर बसले. पाण्यानं भरलेला कलश, आंब्याची पानं, नारळ, सगळं मांडलेलं. फोन उघडला. गाव रात्री बारालाच बंद झालं होतं.

मी दूध घेऊन परतत होते, तेव्हा त्यांनी दारातून हाक मारली. पडद्यावर दोन ओळी होत्या, त्या मी वाचून दाखवल्या. "पण तारीख तर आजचीच होती ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो गुरुजी." "सूर्य तर उगवला नाहीये अजून." ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. नळ आला तसं त्यांनी कलशातलं पाणी ओतलं आणि कलश घासून पालथा घातला. मीही घरी जाऊन दूध तापवलं. मला काही वाटतच नव्हतं, आणि ते बरेच दिवस तसंच राहिलं.

पुढच्या गणपतीत ते आमच्याकडे उत्तरपूजेला दुपारीच आले. एरवी दिवेलागणीशिवाय मूर्ती न हलवणारा माणूस. "घड्याळात किती वाजलेत?" असं त्यांनी अक्षता हातात घेऊन विचारलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. भाचीला पेढाही त्यांनी त्या वर्षी दाखल्यावरच्या तारखेला दिला. आम्ही कुणी थट्टा केली नाही.

या हिवाळ्यात ते गेले. दोन दिवस दवाखान्यात होते. मी माधवला फोन केला, तो मिळेल त्या गाडीनं निघाला. मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात गुरुजींचा श्वास थांबला. डॉक्टरांनी शुक्रवारची तारीख घातली. माधव पोचला तेव्हा बाहेर अजून काळोखच होता. खांद्यावरची बॅग तशीच ठेवून तो खाटेपाशी उभा राहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, मला उशीर झाला ना? कालच यायला हवं होतं ना मी?"

"नाही," मी म्हटलं. "सूर्य उगवायचाय. अजून गुरुवारच आहे."

त्यानं बॅग खाली ठेवली आणि वडिलांचा हात हातात घेऊन बसला. खिडकी उजळायच्या आत त्याला जे सांगायचं होतं, ते त्यानं सांगून घेतलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले, आणि तिथे मला रडू आलं.