फरिदाताईंसाठी खोली

आज दुपारी फरिदाताईंना घेऊन पुण्यात धायरीला त्यांच्यासाठी खोली बघायला गेले होते. त्या अफगाणिस्तानातून जीव वाचवून आल्या आहेत, सोबत लहान लेक आहे. सध्याची खोली उद्याच सोडायची आहे.

घरमालकीण काकूंनी मला विचारलं, "ह्या कोण?"

"पाहुण्या आहेत."

"कुठल्या गावच्या?"

'काश्मीरच्या' असं सांग, हे माझ्या एका मैत्रिणीने बजावलं होतं. माझी जीभ वळेना. खरं ते सांगितलं, त्यांना परत जाता येत नाही हेही.

काकू म्हणाल्या, "मग पाहुण्या कशाला म्हणतीस, पोरी? पाहुणं परत जातंय. आमच्या ह्यांना इचारून फोन करते."

रिक्षात फरिदाताईंनी विचारलं, "उसने हां बोला?" काकू फोन करणार आहेत, एवढंच मी सांगितलं.

फोन अजून आलेला नाही. खरं मी बोलले, पण छप्पर त्यांचं जाईल. तुम्ही काय सांगितलं असतं?