गंजलेल्या पत्र्यावरचे टाके

मधुकर ढोरे अकोल्यातले जुने वेल्डर. त्यांचा धाकटा भाऊ श्याम जुन्या कारला मोठं इंजिन बसवून सरळ रस्त्यावर रेस लावायचा. एका रेसनंतर त्याच्या गाडीचं दार लागेना आणि पुढची काच कोपऱ्यात तडकली.

"इंजिनच्या जोरानं सांगाडाच पिळून राहिला," मधुकरराव म्हणाले. "याले आतून पाइपांचा पिंजरा पायजे."

पिंजरा तयार झाला, पण तो जिथं जोडायचा तो खालचा पत्रा गंजलेला निघाला.

"हा पुरा बदलू दे, श्याम. आठ दिवस लागतीन."

"रविवारी रेस हाय, दादा. आता टाके मारून दे."

श्याम रुसून बसेल म्हणून त्यांनी गंजक्या पत्र्यावरच वेल्डिंगचे टाके मारले. दार हलक्या हातानं लागलं, तेव्हा श्यामनं त्यांना मिठीच मारली.

रविवारी सकाळी बार्शीटाकळीच्या रस्त्यावर भरवेगात गाडी भरकटली आणि झाडावर आदळली. पाइप एकही वाकला नव्हता. गंजलेल्या पत्र्यासकट उपटून अख्खा पिंजरा श्यामच्या कमरेवर आला होता.

श्याम वाचला, पण आता त्याला कमरेखाली काही जाणवत नाही. मधुकररावांनी काम सोडलं. रोज तेच त्याला आंघोळ घालतात. एकदा अंग पुसताना ते म्हणाले, "मले मालूम होतं रे."

"तू तं सांगतलंच होतं, दादा. म्याच आयकलं नाई."

मधुकररावांनी टॉवेल पिळून पुन्हा पुसायला घेतलं. पत्रा बदलू दे, एवढंच ते तेव्हा बोलले होते; ते टाके धक्क्यात उपटतील, हे त्यांनी श्यामला सांगितलंच नव्हतं.