वस्तादांनी निकालात काढलेला अल्बम

कंपनीच्या बसमधून घरी परतताना वस्ताद सेफ्टी शूज काढून बसत. चितेगावच्या गेटातून बस पैठण रोडला लागली, की आधी बूट, मग मोजे आणि मग उघडे तळवे थेट बसच्या पत्र्यावर. ड्रायव्हर अन्वरभाई रोज ओरडत, "जुते पैन लेव वस्ताद, लोगां बेहोश हो जाते!" त्यावर वस्तादांचं उत्तर ठरलेलं. "अरे, ड्रम पायातून वर चढत असतो. कानाचं काम नंतर."

जाताना देवाची गाणी, येताना वस्तादांचा बँड, असा आमच्या बसचा अलिखित करार होता. प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या दणदणत्या यंत्रांवर डाय म्हणजे साचे बसवण्यात उभं आयुष्य घालवलेला हा माणूस सातासमुद्रापलीकडच्या एका रॉक बँडवर जीव ओवाळून टाकत असे. फार पूर्वी नवा प्रेस बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना त्यांना एक कॅसेट देऊन गेला होता, तेवढंच निमित्त. वस्तादांचं इंग्रजी कामापुरतं, पण बँडमधली माणसं त्यांच्या भावकीतली. गाणारा 'थोरला', गिटारवाला 'बारक्या'. थोरल्याचा घटस्फोट झाला, तेव्हा ते आठवडाभर घुश्श्यात होते. "लेकराबाळांचा इचार नाय करायचा का?" असं मलाच विचारत राहिले, जणू मी मध्ये पडून समजूत घालायला हवी होती.

मी क्वालिटी विभागात नवी लागले तेव्हा त्यांच्या मागची सीट मला मिळाली. बसायच्या आधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. "पोरी, गाणं अर्ध्यात तोडलेलं चालतं का तुला?" मी नाही म्हटलं. "मग बस." स्वतः ते हा नियम कडक पाळत. त्यांचा स्टॉप आला आणि गाणं चालू असलं, तर ते उतरतच नसत. गाणं संपेल त्या चौकात उतरायचं आणि उन्हातान्हात मागं चालत यायचं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात ताटकळत उभ्या.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी बातमी आली, की कित्येक वर्षं गप्प असलेला बँड नवा अल्बम काढतोय. अल्बम यायच्या आदल्या दिवशी वस्तादांनी बसमध्ये पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र अल्बम ऐकून ते चढले ते पडलेल्या चेहऱ्यानं. दांड्याला धरून, उभं राहून त्यांनी निकाल दिला. "संपले! बारक्या गिटार वाजवायच्या ऐवजी झोपलाय. ड्रमवाल्यानं झांजा मोडीत घातल्या. अन् थोरला तर तोंडात सुपारी धरून गातोय."

मी घरी तोच अल्बम ऐकला होता. थोरल्याचा आवाज म्हातारा झाला होता खरा, पण शब्द न् शब्द कळत होता, आणि झांजा तर चांगल्या खणखणत होत्या. तसं म्हटलं, तर वस्तादांनी नाक मुरडलं. "तुला काय कळतंय."

निवृत्तीआधीची तपासणी त्यांना टाळता आली नाही. एरवी कानांच्या चाचणीला ते काही ना काही सबब काढून दांडी मारत. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. वस्तादांनी सुरुवातीला दोन-चारदा बटण दाबलं, मग नुसतेच वाट पाहत बसले. बाहेर येऊन म्हणाले, "मशीन बंद पडलं त्यांचं." डॉक्टरांनी समजावलं, की मशीन ठीक आहे. प्रेसच्या दणक्यांनी कानातले बारीक, चढे आवाज गेलेत. जड आवाज तेवढे उरलेत.

त्या दिवशी परतताना त्यांनी मागं वळून मला विचारलं, "म्हंजे झांजा होत्या, पोरी?"

"होत्या, वस्ताद."

पुढं कितीतरी दिवस त्यांनी बूट काढले नाहीत की बँड लावू दिला नाही. अन्वरभाईंनी स्वतःहून पेनड्राइव्ह पुढं केला, तर हातानं नको म्हणाले. मला फार वाईट वाटलं. कानाच्या मशीनचा विषय काढला, की भडकत. "म्हाताऱ्याचं मशीन लावून रॉक ऐकू? शोभंल का?"

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला आणि माझ्यासमोरच वस्तादांना फैलावर घेतलं. "दहा वर्षं झाली, मी एक बोलले की तुमचं 'आँ?' अन् 'काय?' त्याचं कधी काय वाटलं नाय. अन् त्या बारक्याची गिटार ऐकू येईना, तर जेवण जाईना व्हय?" वस्तादांनी हातातली बशी खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कवा जायचं, सांग." मशीन घेऊन दिलं ते काकूंनीच.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी परतताना ते पुन्हा दांड्याला धरून उभे राहिले. कानामागं मशीन होतं, लपवलेलं नव्हतं. "ह्याच बसमधी मी त्यांना संपले म्हणलो. चूक माझी. ते चांगलेच वाजवतेत, माझेच कान गेलते. पहिल्यासारखं नाय, पण येतंय ऐकू. अन्वर, लाव."

गाणं सुरू झालं. गिटारीच्या मागोमाग झांज कडाडली, तसा वस्तादांनी हात वर केला. "ही! ऐकली का?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले.

फक्त प्रेस शॉपमधला सुदाम तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. चाळिशीचा, वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेला गडी. तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "कुठंय झांज, वस्ताद? मला तर नुसता ड्रम येतोय."

ज्या वस्तादांनी जन्मात कधी गाणं अर्ध्यात तोडलं नाही, त्यांनी पुढं होऊन ते बंद केलं आणि सुदामच्या शेजारी जाऊन बसले. "उद्यापासून मला सुट्टीच हाय," त्याच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले. "सकाळी तयार ऱ्हा. डॉक्टरकडं मी नेतो तुला."

मागच्या सीटवरून प्रेस शॉपचे आणखी दोघं उठले आणि त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले.