जीवा आठ हात

आरागिरणीजवळ ताज्या सागाचा वास आला की मी पुन्हा नववीत जाते. बाबांना मोटार टांगायला विहिरीवर आडवं लाकूड टाकायचं होतं, मध्यापासून तीन हात बाजूला. विहिरीची त्रिज्या पाच हात. मी मातीत काटकोन त्रिकोण काढला आणि ओरडलेच, "अर्धी जीवा चार, म्हंजे पुरी आठ हात."

बाबांनी दोर ताणला. नेमका आठ. मी नाचायचीच बाकी होते.

"दहा हात काप," बाबा सुताराला म्हणाले.

"काहून? माह्यं चुकलं काय?"

"नाही वं. पन आठाचं लाकूड विहिरीत पडन. दोन्ही काठांवर टेकाले हात-हातभर पाह्यजे."

तेव्हा मी रुसले. आता वर्गात जीवा काढून झाली की मीच मुलांना विचारते, "मग लाकूड किती कापाल?"