फोरमनच्या मुठीचं माप

फोरमनचा कशावरच विश्वास नव्हता, आणि त्यांना त्याची लाज तर नव्हतीच, उलट ते मिरवायचे. घड्याळ दुरुस्त होऊन आलं की आठ दिवस शेजारच्या घड्याळाशी ताडून बघायचे. गोळ्या आणल्या की औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून पाकिटावरच्या तारखा मोठ्याने वाचायचे, दुकानदाराला ऐकू जाईल अशा. एकदा बायकोला ताप आला, तर थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत लावून बघितला, खोटा तर नाही ना म्हणून. "आधी त्याची परीक्षा होऊ द्या, मग मी तापेन," असं ती बिचारी अंथरुणातून म्हणाली.

बस डेपोत चौतीस वर्षं त्यांनी चाकं आवळली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नाव फोरमनच राहिलं. घरात बायकोसुद्धा लोकांशी बोलताना "आमचे फोरमन" म्हणायची. त्यांच्या हातच्या एकाही बसचं चाक कधी ढिलं झालं नाही, ही गोष्ट ते नव्या माणसाला दुसऱ्या वाक्यात सांगत. नट किती आवळला ते मोजायचा पाना त्यांनी कधी वापरला नाही. नट आवळताना शेवटी मुठीला एक झटका कळतो, बस्स, झालं काम. ते त्याला मुठीचं माप म्हणत. जगात विश्वास ठेवावा असं एवढंच एक माप त्यांना ठाऊक होतं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आणि लेक दोघं मिळून गाड्या दुरुस्त करत. इंजिन, वायरिंग, बॅटरी लेकीकडे; चाकं आणि ब्रेक फोरमनकडे. चाकाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पण गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा खांदा धरला होता. शर्ट घालताना तोंडातून नको ते शब्द यायचे. डॉक्टरने जोर लावायचा नाही असं सांगितलं होतं. डॉक्टर तरुण होता, म्हणून फोरमननी ते मनावर घेतलं नाही.

"बाबा, आपण इम्पॅक्ट गन घेऊ," लेक एक दिवस म्हणाली. "गंजलेले नट सोडवायला तुमचा अर्धा दिवस जातो. बटण दाबलं की खलास."

"मी खलास, असं म्हण ना."

"अहो, काय बोलता!"

फोरमनच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आज गन येईल. उद्या ही म्हणेल, बाबा, गन मीच धरते. परवा म्हणेल, तुम्ही आत बसा. आणि आत बसलेल्या माणसाचं काय होतं ते त्यांनी डेपोतल्या चार मित्रांच्या बाबतीत पाहिलं होतं. चाकं गेली की आपण गेलो, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि या गनेमागे काहीतरी शिजतंय, याची त्यांना खात्री होती.

खात्रीला कारणही होतं. गेले कित्येक महिने एक प्रकार चालला होता. फोरमननी चाक चढवून गाडी जॅकवरून उतरवली की लेक लगेच म्हणायची, "बाबा, चहा झालाय, जा आत. मी एक चक्कर मारून आणते." चक्कर! आधी कधी मारत नव्हती. एकदा फोरमन चहा तसाच ठेवून गच्चीवर गेले. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे वळली आणि तिथेच थांबली. दहा मिनिटं काही दिसलं नाही. मग परत आली. गिरणीमागे कोण भेटतं हिला? शेड भाड्याने मागणारा कुणी? त्यांनी बायकोला आडून विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच!" चाळीस वर्षांच्या संसारात ती मान वर न करता बोलली की पाणी मुरत असतं, हे फोरमनना पाठ होतं. म्हणजे दोघी सामील.

तरी गन घ्यायला ते तयार झाले. का? तर दुकानात जाऊन, सगळ्यांसमोर, ती गन कुचकामी आहे हे सिद्ध करायचं म्हणून.

त्यासाठी त्यांनी जी तयारी केली तशी तयारी त्यांच्याखेरीज कुणी केली नसती. बोटभर जाडीची एक लोखंडी पाटी घेतली, तिला सहा भोकं पाडली, चाकाला असतात तेवढ्याच जाडीचे सहा बोल्ट बसवले आणि आपल्या लांब दांड्याच्या पान्याने सहाही नट आवळले. खांदा ठणकला, पण प्रत्येक नटाला मुठीला झटका कळेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. मग पाटी पिशवीत घालून पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं, मध्ये कुणी हात लावला तर कळावं म्हणून. लेक बघत होती. तिचा चेहरा उतरला. फोरमनना वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

हत्यारांच्या दुकानाचा मालक गोड बोलणारा होता. फोरमनच्या हिशेबात हा त्याचा पहिला गुन्हा.

"या, फोरमनसाहेब! हवेवरची बघणार, वायरची की बॅटरीवरची?"

"तुला कोणती खपवायचीय?"

मालक हसला. "हवेवरची हलकी आणि टिकाऊ असते, पण तिला मोठा कॉम्प्रेसर लागतो. तुमच्याकडे?"

"टायरमध्ये हवा भरण्यापुरता आहे," लेक म्हणाली.

"मग नको. चार नट सुटतील आणि पाचव्याला हवा भरायची वाट बघत बसाल. वायरची स्वस्त, पण गाडीभोवती वायर ओढत फिरावं लागतं. तुमच्यासारख्यांना बॅटरीवरचीच बरी."

त्याने तीन डबे काउंटरवर मांडले. एकावर साडेतीनशेचा आकडा, दुसऱ्यावर सातशे, तिसऱ्यावर हजार. ताकदीचे आकडे ते, न्यूटन मीटरमधले.

"हजार कुणी मोजले?" फोरमननी विचारलं.

"कंपनीने."

"म्हणजे स्वतःच्या पोराला स्वतःच पैकीच्या पैकी."

"खरंय साहेब," मालक म्हणाला. "डब्यावर छापतात तो नट सोडवतानाचा जोर. आवळतानाचा कमी असतो, तो आत बारीक अक्षरात. आणि खरं सांगू? गाडीच्या चाकाला हजार लागतच नाहीत. ही मोठी तीन किलोची आहे, तुमच्या खांद्याला झेपायची नाही."

हा माणूस महागडी वस्तू विकायला तयार नाही म्हटल्यावर तर फोरमनचा संशय दुप्पट झाला. असा दुकानदार असतो का कुठे? आणि खांद्याचं याला कोणी सांगितलं? त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती गोट्यांच्या, म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटच्या, डब्यात बघत होती. चकचकीत गोट्या बाजूला सारून तिने काळ्या उचलल्या होत्या. गनेच्या धक्क्याने चकचकीत फुटतात, काळ्या टिकतात. हेही हिला बरोबर ठाऊक!

"बोलणं पुरे," म्हणत फोरमननी सुतळी सोडली, पाटी काढली आणि काउंटरवरच्या शिकंज्यात आवळली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं जवळ सरकली. "डेपोचं आवळणं आहे हे. आधी तुझी सगळ्यात छोटी गन लाव."

मालकाने साडेतीनशेवाली उचलली, काळी गोटी चढवली आणि नटाला लावली. टर्र झालं आणि नट सुटून गोटीत आला. धड एक श्वाससुद्धा लागला नाही.

"दुसरा," फोरमन म्हणाले.

दुसराही तसाच. तिसऱ्याला सातशेवाली लावली, चौथ्याला हजारवाली. एकीलाही काही जड गेलं नाही. फोरमनच्या मानेवर घाम आला. तीन वेगळ्या ताकदीची यंत्रं एकसारखी कशी चालतील? काहीतरी लबाडी नक्की होती.

"तिन्ही डब्यांत मशीन एकच आहे," ते म्हणाले. "फक्त कागद वेगळे चिकटवलेत."

मालकाचं गोड बोलणं संपलं. "साहेब, माझ्या दुकानात उभं राहून मला चोर म्हणू नका. तुमचे नटच किती आवळलेत ते बघू या आधी." त्याने मोजायचा पाना काढला. या पान्यावर आकडा लावून ठेवतात, आणि तेवढा जोर झाला की तो खट् वाजतो. "दोन नट उरलेत. एकशे दहा लावतो. गाडीच्या चाकाला तेवढं लागतंच."

पाना लावला. तो वाजायच्या आधीच नट पुढे फिरला. म्हणजे ढिला होता. शेवटच्या नटाला त्याने साठ लावले, तोही फिरला.

"पाना खोटा आहे," फोरमन म्हणाले. आवाज जरा चिरकला. "दुसरा काढ. सीलबंद काढ."

मालकाने मुकाट्याने नवा डबा फोडला आणि पाना लेकीच्या हातात दिला, कारण फोरमनचा त्याच्यावर भरवसा नव्हता. लेकीने सुटलेल्यातला एक नट पुन्हा बोल्टवर चढवला आणि फोरमनपुढे त्यांचाच लांब पाना धरला. "आवळा, बाबा."

फोरमननी आवळला. सगळे बघत होते, म्हणून जिवाच्या आकांताने आवळला. मुठीला झटका कळला. नेहमीसारखाच, अगदी नक्की. तोवर लेकीने नव्या पान्याच्या मुठीवरची कडी सैल केली, दांडा फिरवून आकडा लावला आणि कडी पुन्हा घट्ट केली. हे तिने बघता बघता केलं, खाली न बघता केलं. मग पाना नटाला लावून हलकेच रेटला. पंचेचाळीसला तो वाजला, पन्नासवर नेला तर नट फिरला.

पण फोरमनचं लक्ष आकड्याकडे नव्हतंच. ते तिच्या बोटांकडे बघत होते. चौतीस वर्षं माणसांना हत्यारं हाताळताना पाहिलेला माणूस तो. नवखा हात आणि सरावाचा हात त्यांना दुरून कळायचा.

"हा पाना चालवायला तू कधी शिकलीस?"

लेक पाना डब्यात परत ठेवायला लागली.

"आपल्याकडे असला पाना नाही. तू कुठे शिकलीस?"

"आहे आपल्याकडे," ती म्हणाली. "गिरणीमागे लागतो मला."

फोरमनना ते कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं, चहा, चक्कर, गिरणी, बायकोची खाली गेलेली मान. ते काउंटरला धरून उभे राहिले. मालकाने स्टूल पुढे केलं, आणि ते बसले. त्या स्टुलाचे पाय त्यांनी आधी हलवून बघितले नाहीत, एवढ्यावरून काय ते समजा.

"किती गाड्या?" त्यांनी विचारलं.

"आठ महिन्यांत आल्या तेवढ्या सगळ्या."

शेवटी त्यांनी साडेतीनशेवाली गन आणि काळ्या गोट्या घेतल्या. मालकाने पिशवी भरली. फोरमन त्याला म्हणाले, "तू चोर नाहीस." एवढं बोलणं त्यांना जड गेलं, पण बोलले.

घरी बायको दारातच होती. दोघांचे चेहरे बघून तिने ओळखलं. फोरमननी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आठ महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग लेक बोलली. "आईला दवाखान्यात घेऊन चालले होते. मागून खडखड यायला लागली. उतरून बघितलं तर डाव्या चाकाचे तीन नट बोटाने फिरत होते. तुम्ही आदल्या दिवशी चाक बदललं होतंत."

"त्या दिवशी तुम्ही दोघींनी मला पंक्चर झालं म्हणून सांगितलंत."

"हो."

"मला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

फोरमननी विचार केला. आपण काय म्हणालो असतो ते त्यांना ऐकूच आलं: बोल्ट खोटे आहेत, रस्ता खराब आहे, तू गाडी नीट चालवत नाहीस. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. ते बायकोवर उखडले.

"आणि तू! माझ्या हाताने मेली असतीस. तरी त्यानंतर आठ महिने माझ्या चाकांवर बसून हिंडलीस?"

"लेक तपासते म्हणून हिंडले," बायको म्हणाली. "नाहीतर मला काय वेड लागलंय?"

फोरमन आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला तेवढे उठले. बायकोने वाढताना त्यांच्या खांद्यावर घडीभर हात ठेवला, तोही त्यांनी झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शिक्षिकेची गाडी आली, पुढचे ब्रेक करायला. लेक शेडमध्ये आली तर फोरमन आधीच हजर. त्यांनी गनेने नट सोडवले, ब्रेक बसवले, चाक चढवलं आणि नट हातानेच धरून बसवले. मग म्हणाले, "तो पाना आण. गिरणीमागचा."

लेकीने तिच्या टूलबॉक्सच्या तळातून जुन्या टॉवेलात गुंडाळलेला पाना काढला. फोरमननी तो दोन्ही हातांनी धरला. पहिल्या नटाला खांदा कळवळला, तरी वाजेपर्यंत रेटला. दुसऱ्याला मध्ये थांबावं लागलं. पाचही नट व्हायला इतका वेळ गेला की शिक्षिका दोनदा डोकावून गेली. लेक बाजूला उभी होती. हात पुढे करावा असं तिला दहा वेळा वाटलं असेल, पण तिने केला नाही. पाचवा नट वाजला तेव्हा फोरमनचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं की, बाबा!" ती म्हणाली. "पाचही वाजले. मी ऐकलं ना."

फोरमननी पाना तिच्यापुढे धरला.

"तू एकदा बघ."

"अहो, आता कशाला?"

"बघ म्हणतो ना," फोरमन म्हणाले. "चाक त्या शाळेच्या बाईचं आहे, आणि आवळलंय मी. माझा भरवसा नाही."